वळणात बोलायचं नाही

ग्लेनिसने डेस टॅटनेलला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तिच्या आईच्या खुराड्यातून बाहेर येत होता. गाडीसकट.

खुराड्यात शिरण्याआधी गाडी किती वेळा गोल फिरली यावर पुढे चाळीस वर्षं वाद चालला. आई म्हणे तीनदा. ग्लेनिस म्हणे दोनदा. डेस म्हणे एकदाच, आणि तेही मुद्दाम. बाकीच्या तपशिलावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. बॉनेटवर कोंबडा उभा होता, मांडीवर दोन कोंबड्या होत्या, एक आरशाला लोंबकळत होती, आणि डेसच्या केसांत एक अंडं होतं, न फुटलेलं. त्या कोंबड्याने त्यानंतर कधी बांग दिली नाही. तो आणखी नऊ वर्षं जगला, पण मुक्यानेच, आणि त्या नऊ वर्षांत गॅलन्स क्रीकमधला अर्धा गाव खाणीवर उशिरा पोचायचा, असं आई सांगे.

आई हातात फावडं घेऊन धावत आली. डेसने केसांतलं अंडं काढून तिच्या हातात दिलं आणि तो गाडीखाली आडवा झाला. खालून आवाज आला, "मला वाटलंच! मागचं चाक वळणात आत दबतंय."

"कोंबड्या मेल्या माझ्या!" आई ओरडली.

"हो ना मावशी. चाक नीट असतं तर नसत्या मेल्या."

आईने फावडं खाली ठेवलं. ती ग्लेनिसला म्हणाली, "याला चहा दे. डोक्यावर आपटलाय बिचारा." डेस डोक्यावर आपटला नव्हता. तो असाच होता. त्याने तीन कप चहा पिता पिता गाडी वळणात बाहेर का झुकते ते बश्या, चमचे आणि लोण्याचा डबा मांडून समजावून सांगितलं. ग्लेनिसला त्यातलं अक्षर कळलं नाही. आठ महिन्यांनी तिने त्याच्याशी लग्न केलं.

गॅलन्स क्रीक खाणीसाठी वसलं होतं. टास्मानियाच्या पश्चिमेला, उघड्याबोडक्या डोंगरांच्या तळाशी, जिथे वर्षातले तीनशे दिवस पाऊस आणि उरलेले दिवस पावसाची चर्चा. बाहेर पडायला रस्ता एकच, घाटातून वर खिंडीपर्यंत आणि तिथून किनाऱ्यावरच्या शहरात. एकशे सात वळणं. अशा गावात सरळ जाणाऱ्या गाडीचं कौतुक कुणाला असणार? डेस खाणीत फिटर होता, आठवडाभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करी, आणि शनिवार-रविवार शेडमध्ये स्वतःची गाडी नादुरुस्त करी. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं, "पैसेवाला इंजिन विकत घेतो. अक्कलवाला वळण घेतो." डेसकडे पैसे कधीच नव्हते, त्यामुळे अक्कल आपल्याकडेच असणार अशी त्याची खात्री होती.

दर ईस्टरला गावात घाटाची शर्यत व्हायची. चालवणाऱ्याच्या शेजारी एक माणूस बसवायचा आणि त्याच्या हातात काठोकाठ भरलेला बिअरचा ग्लास द्यायचा. खिंडीत पोचल्यावर वेळ बघायची आणि ग्लासही बघायचा. बोटभर बिअर सांडली की दहा सेकंद दंड. आणि ग्लासवाल्याने तोंडातून एक शब्द काढला, की गाडी शर्यतीतून बाद. हा नियम फार जुना. कधीकाळी एका बाईने वळणात "खडक!" म्हणून हाक मारली आणि नवऱ्याने खडकाकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघितलं. तो खडक अजून तिथेच आहे, आणि त्यावर दोघांचीही नावं आहेत. तेव्हापासून गॅलन्स क्रीकमध्ये शेजारी बसलेल्याने वळणात बोलायचं नाही, शर्यत असो नसो. लहान मुलांनासुद्धा उलटी आली तर खिडकीवर टकटक करायला शिकवत.

डेस तेवीस वर्षं शर्यतीत उतरला आणि जवळजवळ दरवर्षी चौथा आला. पण ग्लासात त्याचा हात कुणी धरला नाही. ग्लेनिस खिंडीत उतरायची ती भरल्या ग्लासानिशी, वरचा फेससुद्धा जागच्या जागी. डेस तो ग्लास उंच धरून सगळ्यांना दाखवी आणि म्हणे, "बघा लेकांनो! याला म्हणतात गाडी बसवणं." भंगारवाला ब्लूई दरवर्षी विचारी, "गाडी बसवणं की बाई बसवणं?" डेस हसे. ग्लेनिसही हसे. ग्लास मनगटावर कसा तोलायचा, कोपर सैल कसं ठेवायचं, वळण येण्याआधी श्वास कुठे सोडायचा आणि गचका कमरेत कसा जिरवायचा, हे तिचं तिला माहीत होतं. तिने ते कधी सांगितलं नाही. तेवीस वर्षं चौथा येणाऱ्या माणसाकडून आणखी काय काढून घ्यायचं?

मग खाण बंद झाली. माणसं गेली, शाळा गेली, पबचा वरचा मजला गेला. डेस आणि ग्लेनिस राहिले. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे बोलावणारंही कुणी नव्हतं. डेस अडुसष्टचा झाला, ग्लेनिस पासष्टची, आणि त्या हिवाळ्यात तिची मूत्रपिंडं बंद पडली.

आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. दर वेळी साडेचार तास, आणि मशीन किनाऱ्यावर, एकशे सात वळणांपलीकडे. घरी मशीन बसवायचं म्हटलं तर नळाचं पाणी खाणीच्या लाल गाळाचं आणि वीज वारा सुटला की जाणारी. रुग्णालयाजवळ दूरच्या रुग्णांसाठी खोल्या होत्या. एक पलंग, एक खिडकी, खिडकीतून दुसऱ्या खोलीची खिडकी.

रोझलिन नावाची नर्स होती, प्रत्येकीला 'राणी' म्हणणारी. ती म्हणाली, "राणी, तुझं वजन बघ. येताना ओकतेस, जाताना ओकतेस. हा रस्ता तुला पुरणार नाही. खोली घे."

ग्लेनिसला खोली नको होती. तिला तिचं स्वयंपाकघर हवं होतं, परसात आईच्या कोंबड्यांच्या खापरपणत्या होत्या त्या हव्या होत्या, आणि मरायचं असेल तर स्वतःच्या पलंगावर मरायचं होतं. तिने डेसला एवढंच सांगितलं, "मला इथून हलवू नकोस."

"कोण हलवतंय?" डेस म्हणाला. "गाडी हलतेय. ती थांबवतो."

गाडी म्हणजे एक जुनी स्टेशन वॅगन, लांब, मऊ आणि ढिली. सरळ रस्त्यावर ती गादीसारखी चालायची आणि वळणात पगाराच्या रात्री पबमधून निघालेल्या खाणकामगारासारखी कलायची. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग जरा विचार करून पुन्हा डावीकडे. ग्लेनिस पावाच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसायची. डेसच्या मते रोग स्पष्ट होता. गाडी कलते म्हणून ग्लेनिस ओकते. कलणं थांबवलं की ओकणं थांबेल, ओकणं थांबलं की वजन टिकेल, आणि वजन टिकलं की खोली नको. शेडच्या दारावर त्याने खडूने लिहिलं, "ईस्टरपर्यंत."

हातात पेन्शन, त्यातली निम्मी पेट्रोलला. म्हणून डेसने आधी फुकटचे उपाय केले. टायरांच्या कडांना खडूच्या रेघा मारून तो घाटात एक फेरी मारून आला आणि रेघा कुठपर्यंत पुसल्या गेल्या ते बघून त्याने हवा वाढवली. मासे पकडायची दोरी चार डब्यांवरून गाडीच्या दोन्ही अंगांनी ताणली आणि फूटपट्टी लावून चाकं सरळ केली. गाडी हलकी करायची म्हणून मागची सीट काढली, खालचा गालिचा काढला, दारांच्या आतलं अस्तर काढलं. मग तो ब्लूईच्या भंगारात गेला. एका ठोकलेल्या गाडीखालचा जाड आडवा दांडा त्याने एक ट्रेलर लाकडं फोडून देऊन मिळवला. हा दांडा गाडीला एका बाजूला झुकू देत नाही. तो बसवायला रबर हवं होतं, ते खाणीच्या जुन्या सरकपट्ट्यातून कापलं.

"एवढं कडक रबर?" ब्लूईने विचारलं. "त्यावरून पंचवीस वर्षं दगड गेलेत, लेका."

"म्हणूनच," डेस म्हणाला. "टिकतं."

शेवटी त्याने स्प्रिंगा काढल्या आणि प्रत्येकीचा एक वेढा कापला. ग्लेनिस शेडच्या दारात स्टुलावर बसून बघत होती. वेढा खाली पडला तसा त्याने उचलून तिला दाखवला, लहान मुलाने पडलेला दात दाखवावा तसा.

"आता उंचीही कमी आणि कडकपणाही जास्त. एक दमडी न खर्चता! काय म्हणतेस ग्लेन?"

"छान," ती म्हणाली. त्या घरात त्याच्या कामाला 'छान' हा एकच शब्द होता आणि चाळीस वर्षांत तो कधी कमी पडला नव्हता.

सुधारणा मोजायची कशी, याबद्दल डेसच्या मनात शंकाच नव्हती. सोमवारी निघताना त्याने तिच्या उजव्या हातात पाण्याने भरलेला ग्लास दिला.

"काठोकाठ आहे," तो म्हणाला. "जुन्या दिवसांसारखं."

ग्लेनिसला दिवसभरात सगळं मिळून तीन कप पाणी चालत होतं. तिची जीभ सकाळपासून टाळूला चिकटलेली असायची. तो ग्लास ती नाकासमोर धरून सव्वादोन तास बसली. घाट संपल्यावर डेसने गाडी बाजूला घेतली, ग्लास हातात घेऊन उजेडात धरला आणि घरून आणलेल्या मापात ओतून बघितला.

"बोटभरच गेलं! आठवड्यापूर्वी अर्धा गेला असता!"

आणि ते पाणी त्याने रस्त्याच्या कडेला ओतून दिलं. ग्लेनिस त्या ओल्या खडीकडे बघत राहिली.

गाडी खरोखर बदलली होती. ती आता कलत नव्हती, वळणाला रुळावर असल्यासारखी चिकटून जायची. ओकणं निम्म्याने कमी झालं, हेही खरं. पण रस्त्यातला प्रत्येक खड्डा, प्रत्येक ठिगळ, लाकडाच्या ट्रकांनी उठवलेला प्रत्येक उंचवटा आता कशातही न मुरता सरळ वर यायचा. दाराचं अस्तर गेलेलं, त्यामुळे तिचा डावा खांदा उघड्या पत्र्यावर आपटायचा. आणि डाव्याच हातात सुया टोचायची शीर होती. तो हात वाचवायला ती अंग उजवीकडे चोरायची, ग्लास तोलायला मनगट सैल सोडायची, आणि राहिलेला सगळा गचका कमरेत घ्यायची, तेवीस ईस्टर घेतला तसा. तेव्हा कंबर चाळिशीची होती आणि शर्यत सहा मिनिटांची. आता कंबर पासष्टची होती आणि घाट आठवड्यातून सहा वेळा.

ती बोलली नाही. वळणात बोलायचं नाही, आणि घरी आल्यावर तो मापाचे आकडे शेडच्या दारावर लिहीत असायचा. त्याची पाठ किती ताठ झाली होती! खाण बंद झाल्यापासून तिने ती अशी पाहिली नव्हती.

मार्चमध्ये रोझलिनने तिचा गाऊन सरकवला आणि ती थबकली. खांद्यापासून कोपरापर्यंत काळंनिळं, बरगड्यांवर पिवळं, कमरेवर दोन तळहातांएवढे डाग. तिने पडदा ओढून घेतला आणि आवाज खाली आणला.

"राणी, मला खरं सांग. घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे की."

"नवरा... हात उचलतो का?"

ग्लेनिस हसायला लागली. मशीनची नळी हलली, घंटा वाजली, दुसरी नर्स धावत आली. "डेस?" ती डोळे पुसत म्हणाली. "अगं, तो माशी मारत नाही. हे त्याच्या स्प्रिंगांनी केलंय." मग तिने सगळं सांगितलं. दांडा, रबर, वेढे, ग्लास. रोझलिनने नळी सरळ केली.

"म्हणजे पाणी सांडत नाही, म्हणून त्याला वाटतं गाडी चांगली झालीय?"

"हो."

"आणि पाणी सांडत नाही ते तुझ्यामुळे."

"आता तसं बघितलं तर... हो."

"त्याला सांगत का नाहीस?"

ग्लेनिसने छताकडे बघितलं. "तो फार खूश आहे गं."

रोझलिनने वजनाचा कागद तिच्यासमोर धरला. दोन महिन्यांत सहा किलो. "तुम्ही दोघांनी," ती म्हणाली, "गाडी हळू चालवून बघितलीय का?"

चाळीस वर्षांत हे दोघांपैकी कुणालाही सुचलं नव्हतं.

त्याच दिवशी परतताना घाटात पाऊस होता. डेस खुशीत होता. सकाळी एक थेंबही सांडला नव्हता आणि उद्या तो पुढच्या स्प्रिंगांचा आणखी अर्धा वेढा कापणार होता. एकसष्टाव्या वळणाला गाडी एका ठिगळावरून गेली आणि ग्लेनिसच्या कमरेतून असली कळ गेली की डोळ्यांपुढे पांढरं झालं.

"डेस," ती म्हणाली. "थांब."

त्याने ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली, अजिबात न कलता. तो तिच्याकडे वळला.

"तू बोललीस?"

"बोलले."

"वळणात?"

"हो. वळणात."

पाऊस टपावर वाजत होता. छताचं अस्तरही त्याने काढलेलं, त्यामुळे फार मोठ्याने वाजत होता. ग्लेनिसने परतीसाठी पुन्हा भरून दिलेला ग्लास त्याच्यासमोर पुढच्या फळीवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. "आता चालव," ती म्हणाली.

"धरत का नाहीस?"

"तू चालव ना."

तो निघाला. पहिल्या वळणाला ग्लास जागेवरच राहिला. डेसने मान डोलावली, आणि तेवढ्यात पहिला उंचवटा आला. पाणी बाजूला सांडलं नाही. ते सरळ वर उडालं, काचेवर आपटलं आणि त्याच्या गुडघ्यांवर पडलं. दुसऱ्या उंचवट्याला ग्लासही खाली आला.

डेसने गाडी कडेला घेतली. गुडघ्यांवरच्या पाण्याकडे बघितलं, मग तिच्या मनगटाकडे, मग खांद्याकडे. गाऊन बदलताना वरचं बटण लावायचं राहिलं होतं, त्यामुळे खांदा दिसत होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"पहिल्या सोमवारपासून."

"नाही. ग्लास कधीपासून?"

"पहिल्या ईस्टरपासून," ती म्हणाली.

त्याने खाली पडलेला ग्लास उचलून मागे ठेवला. "तरीच," तो म्हणाला. "ब्लूईला सांगू नकोस."

शुक्रवारी तो हळू निघाला. दांडा काढून टाकला होता, हवा कमी केली होती. कापलेला वेढा मात्र परत जोडता येत नाही, आणि ब्लूईकडे त्या मापाच्या स्प्रिंगा उरल्या नव्हत्या. नव्या घ्यायला तीन महिन्यांचं पेट्रोल गेलं असतं. ताशी तीस. मागे लाकडाचे ट्रक भोंगे वाजवत साचले की डेस कडेला थांबून त्यांना पुढे जाऊ द्यायचा. खाणीतला एक जुना सोबती जाताना खिडकीतून ओरडला, "काय रे डेस, गाडी मेली की तू?" डेसने हात हलवला. त्याचे कान लाल झाले होते. ग्लेनिसला गचके कमी बसले, पण रस्ता चार तासांचा झाला, कमरेने चौथ्या तासाला बसणंच नाकारलं, आणि रुग्णालयातल्या खुर्चीची वेळ तासाने चुकली. मशीनवर तिला साडेतीनच तास मिळाले. पुढच्या आठवड्यात पाय सुजले, मग श्वास लागायला लागला.

रोझलिनने खोलीचा कागद आणला. सही ग्लेनिसने केली. डेसला चष्मा सापडत नव्हता, तो त्याच्या कपाळावर होता.

ईस्टरच्या आदल्या गुरुवारी त्याने तिला तिथे पोचवलं. एक सुटकेस, एक उशी, आणि कोंबड्यांचा एक फोटो, ज्यात कोंबड्या धूसर आल्या होत्या. खोलीला शेड नव्हती आणि पलंग एकच होता. तो दर रविवारी यायचा. पहिल्या रविवारी त्याने दारातच सांगितलं, "दोन तास चार मिनिटं! एकटाच होतो ना, गाडी हलकी." मग त्याने स्वतःच मान खाली घातली.

"छान," ग्लेनिस म्हणाली आणि तिने त्याला बसायला पलंगाची कड दिली.

खोलीपासून रुग्णालय चारशे मीटरवर होतं. रस्ता सरळ होता, वाटेत एकही वळण नव्हतं. ती तिथे अकरा आठवडे जगली.